म्हणे, ‘डायरेक्ट करून देतो’!

कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला टेम्परेचरचा काटा वर चढलाय, बॉनेटमधून गरम वास येतोय आणि रेडिएटरचा पंखा ढिम्म. गाडी कशीबशी गॅरेजला न्यावी, तर मिस्त्री पात्याला बोटाने एक गरका मारतो आणि अर्ध्या मिनिटात निकाल देतो, “मोटर गेली मालक.” नाहीतर त्याहून भारी, “डायरेक्ट करून देतो, विषय कट!”

विषय कट होत नाही हो, वायर जळते! पंख्याची मोटर चालताना १० ते २० अँपिअर खाते, फिरायला लागतानाच्या क्षणी तर त्याच्या कितीतरी पट. हा भार सोसायला कंपनीने जाड वायर, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि ३०-४० अँपिअरचा फ्यूज दिलाय. ‘डायरेक्ट’ म्हणजे तुम्ही मिस्त्री तो सगळा बायपास करून इग्निशनच्या बारक्या वायरला पिळा मारता आणि वर काळी टेप गुंडाळता. मग चार महिन्यांत इग्निशन स्विचचे पॉइंट जळतात, पंखा दिवसभर फिरून मोटरमधले ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) झिजवतो, आणि मूळ फॉल्ट होता तिथेच राहतो. त्याचं बिल परत वेगळं!

ज्या गावात उद्यमनगर आहे, जिथे लेथवर केसाएवढा फरक चालवून घेत नाहीत, त्या गावात टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट असला की पेटणारा तपासणीचा दिवा, धरायला एवढी लाज का? दोन मिसळीच्या पैशात येतो तो.

आधी गाडी कधी तापते ते तर विचारा. कागलवरून हायवेने ऐंशीने येताना काटा जागेवर आणि महाद्वार रोडच्या गर्दीत वर, म्हणजे दोष हवेचा. वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर गार ठेवतो, पंख्याची गरज उभ्या गाडीला. हायवेवरही तापत असेल तर पंख्याच्या मागे लागूच नका. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की ते पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल), वॉटर पंप बघा. आणि गाडी सुरू करून पाच मिनिटांत “पंखा फिरत नाही” म्हणून बोंब मारणाऱ्यांनो, बहुतेक गाड्यांत तो ९५ अंशांच्या आसपास लागतो. तोवर थांबा की जरा!

मग एसी लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर धरला की काही सेकंदांत पंखा लागतो. लागला, तर मोटर ठणठणीत आहे, फॉल्ट इंजिनचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूला. एवढ्या एका बटणाने मोटरचे हजारो रुपये वाचतात, पण ते दाबतंय कोण? (एसीचा गॅस कमी असल्याने कॉम्प्रेसरच धरत नसेल, तर ही परीक्षा बाद.)

एसीवरही ढिम्म असेल तर फ्यूज. तो उपसून डोळ्यांनी बघणं म्हणजे तपासणं नव्हे. टेस्ट लॅम्पची क्लिप निगेटिव्हला, टोक फ्यूजच्या दोन्ही बाजूंना. दोन्हीकडे उजेड पडला पाहिजे. फ्यूज उडालेला असेल तर दुसरा घालून मोकळं होऊ नका. बेअरिंग जाम झालेली मोटर जास्त करंट ओढते म्हणून तो उडतो. इथे फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणाऱ्याच्या हातात तर पान्हाच देऊ नये.

पुढे रिले. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात होतं. तरी नाही, तर रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरचे दोन पॉइंट फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडा. पंखा फिरला म्हणजे मोटर, तिची वायर, अर्थिंग सगळं पास. दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. नाही फिरला, तर मोटरचा कनेक्टर काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. डायरेक्ट करायचं ते एवढंच, आणि एवढ्यापुरतंच! तेही दोन वायरच्या साध्या मोटरला. नव्या गाड्यांत पंख्यावरच कंट्रोलर असतो, तिथे हा खेळ केलात तर तो जाळून बसाल. १२ व्होल्टवर गप्प असलेली मोटर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक केल्यावर फिरली, तर ब्रश संपलेत. तेव्हा म्हणा खुशाल मोटर गेली.

खरी गंमत कनेक्टरमध्ये असते. तो उघडून नीट बघा: पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, नाहीतर पितळेवर हिरवी बुरशी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुसून-पासून विकल्या गेल्या, त्यांच्यात हे हमखास. अशा जागी मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दाखवतो आणि मिस्त्री म्हणतो, “करंट येतोय, मोटरच गेली.” अरे, वायरीची एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवणारच! भार पडला की तिथेच दम जातो. कनेक्टरवर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा. मिणमिणला तर चोर सापडला. पंखा चालू असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर फरक नको. अर्थिंगच्या बाजूला त्याहूनही कमी. बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करणं हे दहा मिनिटांचं काम, पण त्यात मार्जिन नाही ना!

पंखा फक्त स्लो स्पीडला मेला आणि फास्टला फिरतो, तर बहुधा करंट कमी करून वेग उतरवणारा रेझिस्टर गेलाय. तेवढा बदला.

सेन्सरची परीक्षा याहून सोपी. जुन्या गाडीत रेडिएटरवर दोन वायरचा थर्मो स्विच असतो. त्याचा कनेक्टर काढा, दोन वायर एकमेकींना जोडा, पंखा लागला तर स्विच खराब. नव्या गाडीत स्कॅनर लावून तापमान वाचा. इंजिन भाजतंय आणि स्क्रीनवर उणे ४०, म्हणजे सेन्सरची वायर तुटलीय. पी०४८० हा फॉल्ट कोड आला तर पंख्याच्या रिलेचं सर्किट बघा. कोड पुसून गाडी हातात देणं ही दुरुस्ती नव्हे.

आणि कूलंट! पातळी कमी किंवा आत हवा अडकलेली असेल तर सेन्सरच्या टोकाला पाणी लागतच नाही. काटा निवांत, पंखा बंद आणि इंजिन शिजतंय. बोअरचं पाणी ओतून आत क्षार साठवणारे वेगळेच. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर खालचा होज गार राहतो, आणि रेडिएटरवरच्या स्विचला उष्णताच न पोचल्याने पंखा लागत नाही. त्यावर आमच्याकडचा जालीम उपाय काय, तर “वॉल (म्हणजे थर्मोस्टॅटच) काढून टाकला.” मग इंजिन कधी नीट तापतच नाही, अॅव्हरेज पडतं आणि मालक पेट्रोल पंपाला शिव्या घालत फिरतो.

गगनबावड्याच्या चढाला काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल्ल, गाडी बाजूला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, इंजिनवर गार पाणी मारू नका, हेड वाकतं. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक लागतो, म्हणून हात घालायच्या आधी कनेक्टर काढा.

मोटर बदललीच असेल तर रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून बाहेर आला तर भल्या माणसाने वायरी उलट्या जोडल्यात आणि पंखा समोरच्या वाऱ्याशी भांडतोय. आणि जुनी मोटर मागून घ्या, गॅरेजमध्येच तिला बॅटरी लावा. फिरली, तर पैसे देण्याआधी बोला.