‘शेवटी दारूच ती’ म्हणणाऱ्या वाचकांस

माझ्या परवाच्या इथेनॉलवरच्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलं, “शेवटी दारूच ती. भट्टीवर निघते तीच गाडीत ओततात. कारखान्यात कधी पाऊल तरी टाकलंय का? उसाला लागणाऱ्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही. ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.”

साहेब, मतभेद असू द्या, पण एवढा फणकारा कशासाठी? ओळख ना पाळख, आणि थेट पायाखालची जमीनच काढायची! ॲव्हरेजचं मात्र आपलं बरोबर आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, तेव्हा पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की फरक पडणारच. मान्य.

आता ‘दारूच ती’. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, मी लॅबला होतो. रात्रपाळीत वॉशचे, म्हणजे आंबवलेल्या द्रावणाचे, नमुने मीच काढायचो. पाऊल टाकलंय की नाही ते तुम्हीच ठरवा. मळी, म्हणजे साखर काढून उरलेला दाट पाक, पाण्यात सैल करून यीस्ट सोडलं की साखरेचं अल्कोहोल होऊ लागतं. टाकी तापते, गार ठेवली नाही तर यीस्ट मान टाकतं. वॉशमध्ये अल्कोहोल फार तर ८-१० टक्के. इथवर भट्टी आणि आसवनी सख्ख्या बहिणी, कबूल.

पुढे ऊर्ध्वपातन करत गेलं तरी वजनाने ९५.६ टक्क्यांवर घोडं अडतं. त्या प्रमाणात पाणी आणि अल्कोहोल मिळूनच उकळतात, वाफेतही तेच प्रमाण. कितीही उकळा, उरलेलं पाणी हटत नाही. आणि पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेपलीकडे गेलं की अल्कोहोल त्याच्यासोबत वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून या ९५ टक्क्यांच्या स्पिरिटची वाफ मॉलिक्युलर सिव्हच्या, म्हणजे रेणू गाळणाऱ्या चाळणीच्या, मण्यांतून नेतात. मण्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे ०.३ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू आत शिरतो. इथेनॉलचा मोठा, तो बाहेरच राहतो. मग हाती येतं ते ९९.५ टक्क्यांच्या वरचं. हे तुमच्या कोणत्या भट्टीवर होतं? गाव सांगा, बघायला येतो.

पाण्याबद्दल म्हणाल तर लेख इथेनॉल कसं बनतं यावर होता, ऊस लावावा की नाही यावर नव्हता. २०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही इथंच होतो, आम्हाला टंचाई शिकवू नका. शिवाय इथेनॉल मक्याचंही होतं. त्यातल्या स्टार्चची आधी विकरांनी साखर करावी लागते, एवढंच. बाकी वाद पुन्हा कधीतरी.

आणि हो, पुढच्या वेळी टोपणनावाआडून नको. नावानिशी लिहा, मग बोलू.