आबांचे 'नको'

लेक माद्रिदला, जावई तिकडचाच. नात 3 वर्षांची. मराठीतलं तिला 'आबा' आणि 'लाडू' एवढंच येतं. म्हणून 64व्या वर्षी मी स्पॅनिश शिकायला बसलो. आजोबाला भाषा लागते ती कितीशी? पळू नको, चढू नको, ओरडू नको. बाकीचं लाडू बघून घेतात.

मराठीत 'नको' म्हणजे सगळ्या कुलपांना चालणारी किल्ली. पळू नको, खाऊ नको, झालं. स्पॅनिशमध्ये नुसतं 'नो' म्हणून भागत नाही, क्रियापदाची शेपटीही बदलावी लागते. 'आर'वाल्यांना 'एस' लावायचं, 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'आस'. ग्रितार म्हणजे ओरडणं, त्याचं 'नो ग्रितेस'. कोर्रेर म्हणजे पळणं, त्याचं 'नो कोर्रास'. दोन घराण्यांत स्वरांचं चक्क साटंलोटं! बरं, नुसतं 'पळ' म्हणायचं तर सरळ 'कोर्रे'. सगळे रुसवेफुगवे नकाराच्याच वेळी.

पाठांतराला सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, जायला लागलो. रामकुंडापाशी 'नो सुबास, नो सुबास' असं पुटपुटत होतो (चढू नको, सोफ्यासाठी). एक गुरुजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "विधी कोणाचा करायचाय?" रविवारी मिसळ खाताना ॲसिडिटीवाल्या मित्रानं तर्रीची तिसरी वाटी मागवली. मी ठणकावलं, "नो कोमास!" खाऊ नकोस. त्याचा घास हातातच राहिला. "कोमात? कोण गेलं रे?"

तरी रात्री मोठ्या आत्मविश्वासानं व्हिडिओ कॉल लावला. नात दिवाणखान्यात धावत होती. मी ओरडलो, "नो कोर्रेस!" ती क्षणभर थांबली, माझ्याकडे रागानं पाहिलं आणि दुप्पट वेगानं सुटली. मग किंचाळायला लागली. मी म्हटलं, "नो ग्रितास!" त्यावर तिनं जी किंकाळी फोडली, ती इथे आमच्या शेजाऱ्यांनी ऐकली.

लेक हसून हसून बेजार. "बाबा, 'पळू नकोस' नाही म्हणालात तुम्ही. 'तू पळत नाहीस' म्हणालात. ती पळून दाखवतेय. ओरडूनही दाखवलं."

म्हणजे शेपटी चुकली की आज्ञेचा आरोप होतो! हे सगळं मी नातीला माझ्या स्पॅनिशमध्ये समजावून सांगायला घेतलं. तिनं दोन मिनिटं सहन केलं. मग इवलंसं बोट माझ्यावर रोखलं.

"आबा, नो आब्लेस!"

आब्लार, म्हणजे बोलणं. 'आर'वालं, म्हणून 'एस'. बिनचूक.