साडूचे मॅग्नेशियम

काल संध्याकाळी कोल्हापुरात, राजारामपुरीतील एका औषधाच्या दुकानात, पाच अनोळखी माणसांच्या देखत, माझ्या आतड्यांची जाहीर चौकशी झाली. मी केवळ पॅन्टोप्राझोलची, म्हणजे पोटातले आम्ल दाबणाऱ्या गोळीची, एक स्ट्रिप मागितली होती, आणि तीही हळू आवाजात.

शेजारी करकरणाऱ्या कापशी चपला घातलेले एक गृहस्थ उभे होते. "किती दिस झालं घेतायसा?" त्यांनी विचारले. "तीन वर्षं," असे मी बोलून गेलो. "तीन वरसं! आन डॉक्टरनं किती सांगितल्यालं?" सहा आठवडे, हे उत्तर मी गिळले. "आमच्या साडूनं असंच केलं. बी-बारा गेलं, मॅग्नेशियम उतरलं, आता न्हाणीत पडायचं भ्या घिऊन बसलाय!"

संताप याचा, की साडू शास्त्राला धरून होता. आम्ल दीर्घकाळ दाबले की अन्नातले बी-बारा नीट सुटत नाही. मॅग्नेशियम घटण्याबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच सावध केले होते. हाडे मोडण्याशीही या गोळ्यांचा संबंध आढळला आहे, मात्र दोष गोळीचाच असे सिद्ध झालेले नाही. पण हा बारकावा त्या दुकानात ऐकणार कोण?

तेवढ्यात दुकानदाराने प्रोबायोटिकची डबी पुढे सरकवली. "सोबत हे घ्या, यात जिवंत जंतू असतात."

"जित्तं?" गृहस्थांनी डबी उन्हाकडे धरली. "मग फ्रीजात न्हाईत व्हय ठेवल्यालं? म्हंजे जंतू मेल्यालं आन पैसं जित्त्याचं!"

काही जंतू फ्रीजबाहेरही तगतात, हे मला ठाऊक होते. पण त्या डबीची वकिली मी का करावी? अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबांत काही जंतूंचा उपयोग दिसला आहे, छातीतल्या जळजळीसाठी मात्र पुरावा तोकडाच आहे. आणि रात्री अकराला तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवे होणाऱ्या माझ्यासारख्याला वाटीभर ताकातले जंतू तरी कुठवर सांभाळून घेणार?

दिवाळीत मी गोळी एकाएकी बंद केली, तेव्हा दबलेले आम्ल असे उसळले की चार रात्री खुर्चीत बसून काढल्या. ती हळूहळू, डॉक्टरांना विचारून कमी करायची असते, हे तीन वर्षे चिठ्ठी न मागता स्ट्रिप विकणाऱ्या या दुकानदाराने एकदाही सांगितले नाही. त्यासाठी परक्याचा साडू आजारी पडावा लागला.

त्या गृहस्थांना औषध नकोच होते. ते पाचशेचे सुटे घ्यायला आले होते, आणि ते त्यांना माझ्या आधी मिळाले.