आठ वॅटचा संसार

घरी गाणी ऐकायला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, की सॉलिड स्टेटचा, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला, यात अडकलात? मग कानांना यातून वगळा. चाळिशी उलटली की वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होत जातं, आणि नेमका त्याच वयात असला अ‍ॅम्प्लिफायर परवडू लागतो.

सॉलिड स्टेट तर घेऊच नका. बटण दाबलं की वाजतो, हा काय मोठेपणा? पन्नास-साठ वॅट, डिस्टॉर्शन (मूळ आवाजात होणारी भेसळ) 0.01 टक्क्याच्या आसपास, आणि वर्षानुवर्षं झाकण उघडावं लागत नाही. चार पाहुणे आले तर दाखवणार काय, निळा दिवा?

व्हॉल्व्हचाच घ्या. त्यातही सिंगल एंडेड, म्हणजे आवाजाची अख्खी लहर एकाच व्हॉल्व्हवर सोपवणारा, 300बी व्हॉल्व्हचा. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने 1930च्या दशकात काढलेला हा व्हॉल्व्ह. त्याचं यंत्र भिंतीतून शंभरएक वॅट ओढतं आणि स्पीकरला जेमतेम आठ देतं. बाकीचे तुमच्या हॉलला. त्या काळी एवढ्याशा वॅटांत थिएटरं भरायची, पण तिथे पडद्यामागे माणूस आत उभा राहील असले कर्णे होते. तुमच्या शोकेसमधला, एका वॅटला 86 डेसिबल आवाज देणारा स्पीकरचा डबा वेगळ्या जातीचा. त्याचा आवाज 3 डेसिबलने चढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. म्हणून आता स्पीकर बदला. स्पीकर मोठे आले की हॉल लहान वाटेल. पुढचं बिल्डरशी बोला.

‘गोडवा’ हा शब्द मात्र पाठ करून ठेवा. व्हॉल्व्ह मुळात नसलेलं काहीतरी सुरात मिसळतो, मुख्यतः दुसरा हार्मोनिक. म्हणजे गायकाने सा लावला की अ‍ॅम्प्लिफायर त्यात हळूच वरचा सा घालतो. कानाला ते बरं लागतं हे खरं, त्यात खोटं काही नाही. पण मैफलीत मागे बसलेल्या शिष्याने न सांगता असा सूर लावला तर बुवा वळून बघतील. इथे त्याचेच लाख रुपये मोजायचे.

मे महिन्यात पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुपारी हे यंत्र लावून बघा. पाऊण तासात सोफ्यावर घाम. पंखा तीनवर केला की विलंबित ख्यालातला तानपुरा गायब. आवाज वाढवावा तर आठ वॅट धापा टाकतात. पंखा बंद करावा तर सौ. स्वयंपाकघरातून विचारणार, “अहो, शेगडी चालू आहे का बाहेर?” व्हॉल्व्ह तापलेला असताना मांजराला वर झोपू देऊ नका, आणि बंद केल्यावरही आत हात घालू नका. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

एवढं सगळं जमलं की आजोबांच्या पिढीतल्या कोणाला मात्र बोलवू नका. माझ्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बातम्यांच्या आधी मिनिटभर तापवावा लागायचा, म्हणून ते घड्याळ बघून बटण फिरवायचे. पुढे सेलवरचा ट्रान्झिस्टर आला. तो खांद्याला अडकवून ते मळ्यात निघाले, आणि जुनी पेटी उचलून नेल्याबद्दल त्यांनी भंगारवाल्याला वर चहा पाजला.