कुंडी ओली, तरी झाड तहानलेलं कसं? बोरिवलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. टँकरच्या आणि बोअरिंगच्या खाऱ्या पाण्यामुळे गॅलरीतली झाडं खुरटतात, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच धारेवर धरलंत. माती ओली असताना झाड तहानलेलं कसं? मीठ विषारी म्हणजे विषारी, त्यात हार्मोन्स कशाला घुसडायचे? आणि मीठ एवढं वाईट, तर गोराईची तिवरं (खारफुटीची झाडं) खाडीत कशी उभी? वर ‘थोडं खत वाढवा, पानं हिरवी होतील’ हा सल्ला. तो वाचून कोणी आजच युरियाचा डबा उघडेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

तहानेचं आधी. मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत ओढलं जातं. मातीतलं पाणीच खारट झालं की ही ओढ कमी पडते. पाणी समोर असतं, पण मुळाला ते उचलता येत नाही.

आता हार्मोन्स. नुसती विषबाधा असती तर आधी पानं करपली असती आणि मग वाढ थांबली असती. घडतं नेमकं उलट. मिठातलं सोडियम पानात साठण्याच्या कितीतरी आधी, काही तासांतच, वाढ मंदावते. मुळांना खारेपणाची चाहूल लागली की झाडात अॅब्सिसिक आम्ल हे हार्मोन वाढतं. त्याच्या इशाऱ्यावर पर्णरंध्राभोवतीच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राभोवतीच्या, रक्षक पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात, सैल पडतात आणि रंध्र मिटतं. नवी वाढ करवणारं सायटोकायनिन हे हार्मोनही घटतं. म्हणजे झाड स्वतःच हात आखडता घेतं. मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, म्हणून तो गाळायला मी तयार नाही.

रंध्रं मिटल्याने पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही त्याच वाटेने यायचा असतो. तो अडला की प्रकाशसंश्लेषण घसरतं. ऊन मात्र थांबत नाही. हरितद्रव्य ते पकडत राहतं आणि न खपलेली ऊर्जा ऑक्सिजनकडे वळून पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात. पश्चिमेच्या गॅलरीत मे महिन्याच्या दुपारी हे फार जोरात चालतं.

विषबाधा होते ती त्यानंतर, सावकाश. पाणी पानाच्या कडेपर्यंत जाऊन उडतं, मीठ मागे राहतं. पोटॅशियमच्या जागा सोडियम बळकावतं आणि विकरांची (एन्झाइम्सची) कामं अडतात. तुमच्या जास्वंदीचं खालचं, जुनं पान हातात घेऊन बघा. टोक आणि कडा तपकिरी, मधल्या शिरेलगत हिरवं, असं दिसलं तर, खारं पाणी घालत असाल तेव्हा, ती बहुधा भूक नव्हे. अशा झाडाला खत देऊच नका! युरिया काय, डीएपी काय, विरघळून मातीतल्या पाण्याचा दाटपणाच वाढवतात. बाजारातलं पोटॅश तर बहुधा पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे तेही क्षारच.

तिवरांचं म्हणाल, तर त्यांची मुळं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात आणि उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून टाकून देतात. कोरड्या दिवशी गोराईला तिवराच्या पानावर बोट फिरवा, खरखर लागेल. जिभेला लावलंत तर खारट. पण याची किंमत तिवरालाही मोजावी लागते: निव्वळ समुद्राच्या पाण्यापेक्षा गोडं पाणी मिसळलेल्या खाडीत ते जोमाने वाढतं. जास्वंदीकडे, तुळशीकडे अशा ग्रंथी नाहीत.

कोकणातले खारजमिनीचे शेतकरी काय करतात पाहा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्यात, तरी लावणीआधी पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जावं लागतंच. कुंडीतही तेच करायचं. तळाचं भोक मोकळं करा. महापालिकेचं, तानसा-भातशाचं पाणी कुंडीच्या दुप्पट मापाने हळूहळू ओता आणि खालच्या ताटलीत जमलेलं फेकून द्या, परत झाडाला घालू नका. पावसाळ्यात जमेल तेव्हा कुंड्या उघड्यावर ठेवा. करपलेली पानं हिरवी होणार नाहीत. नवी पालवी कशी येते ते बघा आणि ती नीट आली की मगच, तेही थोडंसं, खत घाला.