लोक शिकावेत, पण बेतानं

वस्तीत लोकशिक्षणाचं शिबिर घ्यायचं ठरवलंत? उत्तम. त्यातून कोणी खरोखर शिकणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या.

वेळ सकाळी साडेदहाची ठेवा. रोजंदारीवाले आपोआप गळतात. उरलेल्यांना गोलात बसवा. गोलात बसवलं की समता आली. माइक तेवढा स्वतःकडे असू द्या. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं दर दहा मिनिटांनी विचारा, उत्तर पुढच्या स्लाइडवर तयार असतंच. एखादी बाई रेशन दुकानातल्या मापाबद्दल बोलू लागली, तर ‘फार महत्त्वाचा मुद्दा आहे ताई’ म्हणत तो रंगीत चिठ्ठीवर लिहून तक्त्याला चिकटवा. संध्याकाळी तक्ता गुंडाळला की मुद्दाही गुंडाळला जातो.

करमणुकीला पथनाट्य हवंच, विषय ‘पाणी वाचवा’. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत जलसे करणाऱ्यांनी तमाशाचा बाज घेऊन भटजी-सावकारांचीच सालं काढली होती. तसलं नको.

आणि हो, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव चुकूनही काढू नका. तिथल्या गोंड गावकऱ्यांनी अभ्यासगट काढले. चर्चा गटात, निर्णय ग्रामसभेत, तोही सगळ्यांची सहमती झाल्यावरच. एकाची मान हलली नाही, तर सगळ्यांनी थांबायचं! अशानं आपला तिमाही अहवाल कधी जायचा? बरं, अभ्यास करायचा तर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा करावा. यांनी कायदा वाचला. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, मग म्हणाले, बांबू आम्हीच विकणार. वनखात्याचं म्हणणं, वाहतूक परवाना देता येत नाही. पण त्याच कायद्यातल्या गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या आणि गावाला विकता येणाऱ्या मालाच्या व्याख्येत बांबू नाव घेऊन लिहिलेला होता आणि नेमकी तीच ओळ या मंडळींना ठाऊक! अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं. एक ओळ वाचू दिली, तर मंत्र्याला दिल्लीहून यावं लागतं. तुम्हाला परवडेल?

तेव्हा कायद्याची प्रत वाटू नका. पिशवी वाटा, संस्थेचं बोधचिन्ह ठसठशीत दिसेल अशी. जेवणात गुलाबजाम ठेवा. दुपारनंतर प्रश्न येत नाहीत.

शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घ्यायला विसरू नका. लिहिता न येणाऱ्यांसाठी त्यावर हसरा चेहरा छापा. रडका छापू नका, उगाच शाई जाते.