जवळ कुणाला घ्यायचं आणि कुणापासून लांब राहायचं

मोठ्या गोल डोळ्यांचा एक इवलासा प्राणी. कुणीतरी त्याला काखेत गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून स्तब्ध बसलाय. जणू 'अजून करा' म्हणतोय. हा व्हिडिओ २००९ पासून इंटरनेटवर फिरतोय आणि त्याच्यासारखे कितीतरी त्यानंतर आले. परवा एका मैत्रिणीने तो पुन्हा पाठवला, खाली बदामांची रांग लावून. तिचं प्राण्यांवर खरोखर प्रेम आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

तो प्राणी म्हणजे स्लो लोरिस. आग्नेय आशियाच्या जंगलांत राहणारा, रात्री हिंडणारा. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिच्यातला स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं. धोका जाणवला की ती ग्रंथी तोंडापाशी यावी म्हणून तो हात डोक्यावर नेतो. म्हणजे आपण ज्याला लाड करून घेणं समजतो, ती त्या जिवाची भीतीने घेतलेली बचावाची तयारी असते. विषारी चावा घेऊ शकणारे सस्तन प्राणी जगात मोजकेच आहेत, त्यांतला हा एक. म्हणून बाजारात आणण्याआधी बऱ्याचदा त्याचे दात कापले जातात, तेही भूल न देता. कित्येक लोरिस त्या जखमा चिघळूनच मरतात. जो वाचतो त्याला भर दिव्याच्या उजेडात बसवून शूटिंग होतं, आणि त्याचे डोळे अंधारासाठी घडलेले असतात. २००७ पासून लोरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तरी अशा प्रत्येक व्हिडिओखाली 'मलाही हवा' लिहिणारी माणसं सापडतात. ती क्रूर नसतात. त्यांना तो मनापासून आवडलेला असतो.

गेले काही महिने हा विषय माझ्या डोक्यात घोळतोय, आणि माझं म्हणणं आता पक्कं झालंय. काही प्राण्यांना आपली जवळीक लागते. काहींना आपल्यापासून अंतर लागतं. आणि आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो. ज्याला आपण हवे आहोत त्या कुत्र्याला दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवतो, आणि ज्याला आपण अजिबात नको आहोत त्या रानातल्या जिवाला कवटाळायला धावतो.

कुत्र्यापासूनच सुरुवात करते. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर पुरलेला कुत्रा. वय सुमारे १४,००० वर्षं. त्या कुत्र्याच्या दातांचा अलीकडे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा कळलं की ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला असावा. हा रोग फार वाईट. उलट्या, जुलाब, ताप, झटके. कुणी पाणी पाजलं नाही, ऊब दिली नाही, घाण पुसली नाही, तर असं पिल्लू आठवडे काढूच शकत नाही. त्याने ते काढले होते. म्हणजे कुणीतरी त्याच्यापाशी बसलं होतं. त्या आजारी पिल्लाचा शिकारीला काही उपयोग नव्हता, राखणीलाही नव्हता. शेती अजून सुरू व्हायची होती आणि माणूस कुत्र्याची शुश्रूषा करत होता! हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

इतक्या जुन्या सोबतीने कुत्रा आतून बदलला आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात असतं तेच हे संप्रेरक. त्यांनी माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांवरही हाच प्रयोग केला. लांडग्यांच्या बाबतीत तसं काही झालं नाही. बाटलीने दूध पाजलं, मांडीवर वाढवलं, तरी लांडगा लांडगाच राहिला.

म्हणून कुत्रा घरात आणून त्याला एकटं सोडणं ही मला साधी हयगय वाटत नाही. आपण त्याच्या पूर्वजांना हजारो वर्षं माणसाची ओढ लावली, आणि आता त्यालाच माणूस मिळत नाही. दार ओरबाडणारा, तासन्‌तास भुंकणारा, स्वतःचेच पंजे चाटून जखमा करणारा कुत्रा 'खोडकर' किंवा 'बिघडलेला' नसतो. बहुतेक वेळा तो एकटा असतो. त्याच्यासाठी गादी आहे, खेळणी आहेत, वाढदिवसाचे फोटो आहेत, आणि वेळ नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी कुत्रा आणू नये, हे मी तोंडावर सांगते आणि त्यापायी वाईटपणाही घेते. चपट्या नाकाच्या जातींबद्दलही तेच. पगला धड श्वास घेता येत नाही, त्याच्या घोरण्याला आपण गोड म्हणतो, आणि तो चेहरा आपल्याला आवडतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशीच पैदास करत राहतो.

आता दुसरी बाजू. हॅमस्टर घ्या, उंदरासारखा छोटासा प्राणी. जगभरच्या घरांतले सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे एकाच कुटुंबातून आलेत. १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं काढली गेली, त्यांचा हा वंश. पिंजऱ्यांत आज ते असंख्य आहेत. त्यांच्या मूळ मुलखात मात्र ही जात धोक्यात आलेली म्हणून नोंदली गेलीय. शिवाय हा प्राणी स्वभावाने एकांडा आहे. रानात खोल बीळ खणून एकटा राहतो. आपण 'बिचाऱ्याला सोबत हवी' म्हणून जोडी आणतो आणि ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. आपल्याला एकटं आवडत नाही, म्हणून त्यालाही आवडत नसणार, हे आपण ठरवून टाकलेलं असतं.

ॲक्सोलॉटलचं तर त्याहून विचित्र आहे. हसऱ्या चेहऱ्याचा हा जलचर प्रयोगशाळांत आणि काचेच्या टाक्यांत सगळीकडे दिसतो. त्याचं खरं घर म्हणजे मेक्सिको सिटीतले सोचीमिल्कोचे कालवे. तिथे १९९८ च्या गणनेत दर चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० सापडले होते, २०१४ मध्ये फक्त ३६. गढूळ झालेलं पाणी आणि माणसाने सोडलेले परके मासे ही त्यामागची मोठी कारणं. खेळण्यांवर, टी-शर्टवर, टाकीत हा प्राणी आपल्याला हवा आहे. त्याचा कालवा स्वच्छ राहिला काय आणि नासला काय, त्याची आपल्याला काळजी नाही.

करड्या आफ्रिकन पोपटाबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. तो बोलतो, म्हणून त्याला पकडतात. घानामध्ये १९९२ नंतर त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २०१६ मध्ये जगातल्या देशांनी मिळून रानातून पकडलेल्या या पोपटांच्या व्यापारावर बंदी आणायचं ठरवलं, तोवर कितीतरी जंगलं त्यांच्या आवाजाला मुकली होती. थव्यात राहणारा, कित्येक दशकं जगणारा हा पक्षी पिंजऱ्यात एकटा पडला की स्वतःची पिसं उपटायला लागतो. छाती उघडी पडेपर्यंत. आणि घरातली माणसं कौतुकाने सांगतात, 'आमचा पोपट अगदी माणसासारखा बोलतो.' बोलणार नाही तर काय करेल? बोलायला त्याच्या जातीचं दुसरं कुणी उरलेलंच नाही.

मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात पर्यटकांना बायसनचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू दिसलं. थंडीने कुडकुडत असेल असं वाटून त्यांनी ते गाडीत घातलं आणि वनरक्षकांकडे नेऊन दिलं. वनरक्षकांनी ते पुन्हा कळपात सोडायचा प्रयत्न केला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कळपाने घेतलं नाही. ते रस्त्यावर येऊन माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे लागू लागलं. शेवटी त्याला मारावं लागलं. त्या माणसांचा हेतू स्वच्छ होता, यात मला तिळभर शंका नाही. पण त्या पिल्लाला काय हवं आहे हे त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या थंडीवरून ठरवलं.

या सगळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला काही माणसं आहेत, आणि माझ्या लेखी खरे प्राणिप्रेमी तेच. उत्तर अमेरिकेतला हूपिंग क्रेन हा उंच, पांढराशुभ्र क्रौंच. १९४१ साली रानात जेमतेम वीसेक उरले होते. अंडी उबवून पिल्लं वाढवायची तर एक अडचण होती. पिल्लू डोळे उघडल्यावर ज्याला बघेल त्यालाच आपलं मानतं. माणसाला बघितलं तर ते कायमचं माणसाळणार आणि रानात टिकणार नाही. म्हणून सांभाळणारे लोक डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालतात. चेहरा झाकतात. हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली असते आणि तिच्या चोचीने दाणे टिपून दाखवतात. पिल्लांजवळ एक शब्दही बोलत नाहीत. कॅलिफोर्निया काँडोर या अवाढव्य गिधाडाचंही तसंच. १९८७ मध्ये जगात अवघे २७ उरले होते आणि सगळेच्या सगळे पकडून आणले होते. त्यांच्या पिल्लांना भरवणारा हातही काँडोरच्या डोक्याच्या बाहुलीत लपवलेला असायचा.

जरा कल्पना करा. एवढंसं पिल्लू, दिवसरात्र तुम्ही त्याला भरवताय, आणि तुमचा चेहरा त्याला कधीच दिसू द्यायचा नाही. नाव घेऊन हाक मारायची नाही. त्याने तुम्हाला ओळखू नये यासाठीच तुमची सगळी धडपड. मोठं होऊन ते उडून जातं आणि माणूस दिसला की घाबरून लांब पळतं. तेच तुमचं यश. यात एकही फोटो नाही, मांडीवर बसणं नाही. तरी माणसं वर्षानुवर्षं हे करतात.

ही काळजी कुठे कमी पडली तर काय होतं, हे न्यूझीलंडच्या सिरोक्को नावाच्या काकापोने दाखवलं. काकापो म्हणजे न उडणारा पोपट. १९९५ मध्ये ५१ उरले होते. सिरोक्को १९९७ साली जन्मला, श्वसनाच्या आजारामुळे त्याला पिल्लू असतानाच आईपासून दूर करून माणसांनी वाढवावं लागलं. जीव वाचला, पण तो माणसालाच आपला जोडीदार समजू लागला. इतके थोडे काकापो उरलेले असताना एक निरोगी नर आपल्या जातीच्या मादीकडे वळतच नाही. त्याने एका संशोधकाच्या डोक्यावर चढून समागमाचा प्रयत्न केला, तो व्हिडिओ जगभर गाजला, लोक खूप हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

अंतर राखायचं म्हणजे सगळं वाऱ्यावर सोडायचं, असा कुणी अर्थ काढू नये. पर्वतीय गोरिलांकडे बघा. रवांडा, युगांडा आणि काँगोच्या डोंगरांत त्यांना बघायला एका गटाजवळ एका दिवसात आठच पर्यटक जाऊ शकतात, तेही तासाभरासाठी. अंतर ठेवायचं, सर्दी-खोकला असेल तर जायचं नाही, कारण आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. पण त्याच जंगलात रोज माग काढणारे लोक फिरतात, फासे काढून टाकतात, जखमी गोरिलापर्यंत पशुवैद्य पोहोचतात. गोरिलांची संख्या वाढून एक हजाराच्या पुढे गेली आणि २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आणता आलं.

पाळीव आणि रानटी यांच्यामधली भिंत तशी पातळच आहे. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत साथ आली आणि तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. रोग कोणता? डिस्टेंपर. तोच, ओबरकासेलच्या पिल्लाला झालेला. संशय भोवतालच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांवर गेला आणि त्या कुत्र्यांना लसी टोचायला सुरुवात झाली. इथिओपियात उंच पठारांवर राहणारे लांडगे जगात ५०० च्या आसपास उरलेत, आणि पाळीव कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने त्यांचे कळपच्या कळप संपवले आहेत. तिथेही कुत्र्यांचं लसीकरण हेच लांडग्यांचं संरक्षण. आपल्या कुत्र्याची लस न चुकवणं आणि बाहेर शिकार करू नये म्हणून मांजर रात्री घरात ठेवणं ही रानासाठी केलेली कामंच आहेत. कुणाला ती किरकोळ वाटतील, मला वाटत नाहीत.

आमच्या चर्चेत मैत्रिणीने एक मुद्दा काढला आणि तो मी टाळणार नाही. ती म्हणाली, 'हात लावल्याशिवाय माया कशी जडणार? मुलांनी प्राणी जवळून बघितलेच नाहीत तर मोठेपणी त्यांच्यासाठी कोण झटेल?' स्पर्शाने लळा लागतो, हे खरंच आहे. त्यासाठीच कुत्रा आहे, मांजर आहे, त्यांना स्पर्श हवाही असतो. पण हात लावल्याशिवाय जीव लागतच नाही, हे मला मान्य नाही. १९७० साली हंपबॅक व्हेलचं गाणं ध्वनिमुद्रिकेवर आलं. समुद्राखालचा तो लांबलचक, चढत-उतरत जाणारा आवाज लोकांनी घरात बसून ऐकला. व्हेल वाचवण्यासाठी देशोदेशी माणसं रस्त्यावर उतरली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि १९८६ पासून तो लागू झाला. त्या मोर्च्यांत चाललेल्या कितीतरी जणांनी व्हेल प्रत्यक्ष कधी पाहिलाही नसेल, हात लावणं तर दूरच.